दोन पावलं उजवीकडे

मस्कतमध्ये हिवाळा आल्याचं आधी कानांना कळतं. मार्चअखेरीस सुरू केलेला एसी नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी आपण बंद करतो आणि घरात अशी शांतता पसरते, की बरेच दिवस मुक्कामाला असलेला बडबड्या पाहुणा निघून गेल्यासारखं वाटतं. मग खिडकी उघडायची. तिची सरकती काच आठ महिन्यांच्या धुळीने अडकून बसलेली असते, ती दोन्ही हातांनी ओढावी लागते. मग आवाज एकेक करून आत येतात. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, गाड्या धुणाऱ्याची बादली, लांब हायवेची घरघर. अल् खुवैरमधल्या सगळ्या खिडक्या साधारण त्याच आठवड्यात उघडतात, त्यामुळे कोणाच्या घरी कोणाला ओरडा बसला हेही समजतं.

यंदा गेल्या शुक्रवारी मी एसी बंद केला, काच ओढली आणि बराच वेळ कान देऊन उभा राहिलो. माझी बायको मंजिरी चहा घेऊन आली. कशाची वाट बघतोयस, तिने विचारलं. कशाचीच नाही, मी म्हटलं. तो नाहीये आता इथे, विसरलास का, असं म्हणून ती कप माझ्या हातात देऊन गेली. तिला सगळं कळतं, फक्त ती ते चहा देताना सांगते.

गेल्या हिवाळ्यात ह्या खिडकीतून रोज सकाळी सव्वासहाला एक आवाज यायचा. टप्. थोड्या वेळाने परत टप्. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी गालिचा झोडपतंय. खाली डोकावलो, तर आमच्या इमारतीच्या मागे, जिथे पार्किंगचं डांबर संपून खडी सुरू होते, तिथे एक उंच, सावळा, पोट सुटायला लागलेला माणूस रबरी चेंडू भिंतीवर मारत होता. परत आलेला चेंडू तो वाकून डाव्या हातातल्या चामड्याच्या मोठ्या पंजात घ्यायचा आणि पुन्हा मारायचा. ह्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण दर चार-पाच चेंडूंनंतर तो खाली बसे, जमिनीवरून एक खडा उचले आणि लांब फेकून देई. खडीच्या मैदानातून एक खडा. मला हसू आवरेना.

त्या माणसाला मी ओळखत होतो, ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. आमच्या प्रोजेक्टवरच्या ठेकेदार कंपनीचा तो सेफ्टी सुपरवायझर. साइटवर कायम हेल्मेट आणि काळा चष्मा, त्यामुळे चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. नाव रेमन. कॅरेबियन समुद्रातल्या एका बेटावरचा, आता अमेरिकेचा नागरिक. पार्किंगमध्ये मी त्याला विचारलं, की रोज सकाळी हे काय चालतं. तो म्हणाला, "माझं जुनं काम. पंधरा वर्षं मी ह्याचा पगार घेत होतो. मी शॉर्टस्टॉप होतो."

बेसबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. आजही फार कळतं अशातला भाग नाही, पण शॉर्टस्टॉप कळतो. मैदानात धावण्याचे चार मुक्काम असतात. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुक्कामाच्या मधे एक माणूस उभा असतो. तिथे मुक्काम नाही, खूण नाही, काहीच नाही. नुसती जमीन. पण बहुतेक फलंदाज उजव्या हाताचे, त्यामुळे सरपटत येणारे सगळ्यात अवघड चेंडू तिथेच येतात. चेंडू दगडासारखा कडक. तो एका टप्प्यात घ्यायचा, आणि फलंदाज पहिल्या मुक्कामाला पोचायच्या आत अख्खं मैदान ओलांडून तिथे फेकायचा. चुकलं तर सगळं स्टेडियम बघतं. बरोबर आलं तर कोणी बघत नाही, कारण ते यायलाच हवं होतं.

रेमन सांगायचा, की त्याच्या बेटावर प्रत्येक गावातला प्रत्येक चपळ मुलगा शॉर्टस्टॉपच असतो. मग मोठ्या क्लबची माणसं येतात, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना पळवून बघतात, त्यातली थोडी उचलतात. अमेरिकेत गेलं की एका संघात आठ मुलं, आठही आपापल्या गावची शॉर्टस्टॉप. जागा एक. बाकीच्यांना हळूहळू इकडेतिकडे हलवतात. रेमन हलला नाही. छोट्या लीगमधून छोट्या लीगमध्ये, बसच्या प्रवासात, थंड गावांमध्ये, पण कायम त्याच जागेवर. सगळ्यात वरच्या लीगमध्ये तो फक्त तीन आठवडे खेळला, कोणाच्या तरी दुखापतीमुळे. ते तीन आठवडे तो इतक्या सहज सांगायचा, की मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं.

माझं लहानपण संगमेश्वर तालुक्यातलं. आमचं क्रिकेट सड्यावर, उघड्या कातळावर. जांभ्यावर पडलेला टेनिसचा चेंडू कुठे उडेल ते ब्रह्मदेवाला विचारून उपयोग नाही, पण सड्यावर रोज खेळणाऱ्याला माहीत असतं. करवंदीच्या जाळीपुढे एक खोलगट जागा होती, तिथे पडलेला चेंडू उडायचाच नाही. परगावचे संघ यायचे आणि तिथे चकायचे. आम्ही तोंड फिरवून हसायचो. हे मी रेमनला सांगितलं, तर तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, शॉर्टस्टॉप हात-पाय म्हातारे झाले तरी टिकतो तो एवढ्याचमुळे. त्याला त्याची जमीन माहीत असते.

मला वाटतं, आमची मैत्री त्या वाक्यावर झाली. कारण माझा धंदाही तोच. आमची कंपनी रस्त्यांखालच्या मोऱ्यांची ड्रॉइंग्ज करते. इथल्या वाद्या, म्हणजे डोंगरातून उतरणारे ओढे, वर्षभर कोरड्या ठणठणीत असतात, आणि मग एका दुपारी डोंगरात पाऊस होतो आणि तासाभरात गाड्या वाहून नेणारं पाणी येतं. इथे त्याला 'वादी आली' म्हणतात. ते पाणी रस्त्याखालून मुकाट जावं म्हणून कुठे किती उंचीवर पाइप टाकायचा, हे मी सतरा वर्षं कागदावर काढत होतो. त्यासाठी ठिकठिकाणी काँक्रीटचे बुटके खांब पुरलेले असतात. प्रत्येक खांबाची उंची फाइलमध्ये लिहिलेली असते आणि सगळी मापं तिथून सुरू होतात. त्यांना आम्ही बेंचमार्क म्हणतो.

पण फाइल एक सांगते आणि जमीन दुसरंच. एखादा खांब टँकरच्या धक्क्याने पडतो, कोणीतरी तो घाईघाईने परत पुरतो, आणि नवीन उंची फाइलमध्ये जात नाही. असे खांब मला हिंडून हिंडून माहीत झाले होते. माझ्याकडे एक लाल पुठ्ठ्याची डायरी होती, तिच्यात ते लिहिलेले होते. फाइलमध्ये का नाही लिहिले, हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

तो हिवाळा तसा हसण्याचा नव्हता. तेलाचे भाव पडले होते. ऑफिसातली टेबलं एकेक करून रिकामी होत होती, आणि रिकाम्या टेबलांवर स्थानिक मुलं-मुली येत होती. त्यांचाच देश, त्यांचाच हक्क, त्यात कोणाला बोलायला जागा नव्हती. सप्टेंबरात माझ्या शेजारच्या टेबलावर मरियम आली. चोवीस वर्षांची ओमानी सिव्हिल इंजिनिअर, काळ्या अबायाखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, वहीत चार रंगांची पेनं. साहेबांनी मला सांगितलं, की हिला सगळं शिकव. माझा करार फेब्रुवारीत संपत होता. त्यापुढचं साहेब काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. माझी मुलगी गार्गी तेव्हा अकरावीत होती. अकरावी इथे आणि बारावी गावाला हे जमण्यासारखं नव्हतं. एका रात्री जेवताना तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, नेक्स्ट इयर आपण इथेच आहोत ना? म्हणजे, मला फक्त ट्वेल्थ फिनिश करायचीय." मी म्हटलं, आहोत. मंजिरीने माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढली.

आमच्या ऑफिसात दाऊदभाई होते, राजापूरकडचे, एस्टिमेट करणारे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. अशा बाबतीत सगळेजण सल्ल्याला त्यांच्याकडे जायचे. त्यांनी मला पँट्रीत गाठलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "सगला शिकव रे तिला. पन एक चावी आपल्या खिशात ठेव." ह्यात त्यांचं काही वाईट नव्हतं. आखातात आलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी हे सांगितलेलं असतं. मेकॅनिक एक स्क्रू सांगत नाही, आचारी एक मसाला सांगत नाही. निरोपाच्या पार्टीत सगळे हसून फोटो काढतात, आणि महिन्याभराने फोन येतो की अमुक मशीन चालू होत नाही, जरा सांगता का. त्या फोनची वाट बघत माणसं गावाकडे दिवस काढतात. मी अशी माणसं पाहिली आहेत आणि मनातल्या मनात त्यांना हसलोही आहे.

मी मरियमला मनापासून शिकवलं. मुलगी तल्लख होती, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही. उंची मोजायचं मशीन लावायचं कसं, उन्हात काचेतून दिसणारी थरथर कशी ओळखायची, दुपारी मापं का घ्यायची नाहीत, वादीच्या पात्रात जुन्या पुराची रेघ कुठे शोधायची, सगळं. काही चुकलं की ती स्वतःशीच 'खलास' म्हणायची आणि पान फाडून नवीन सुरू करायची. एवढंच होतं, की लाल डायरी माझ्या ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवरला कुलूप होतं.

डिसेंबरात तिला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. वादी अदाई नावाच्या वस्तीतल्या एका आतल्या रस्त्याखालची छोटी मोरी. तिने फाइल काढली, जवळच्या खांबाची उंची घेतली, ड्रॉइंग केलं आणि पाठवण्याआधी माझ्यासमोर आणून ठेवलं. तो खांब माझ्या डायरीत तिसऱ्या पानावर होता. फाइलमध्ये होता त्यापेक्षा तो चांगला वीतभर खाली बसलेला होता. त्यावरून मापं धरली की पाइपही वीतभर खाली जाणार, त्याचं तोंड जुन्या नाल्याच्या तळाखाली गाडलं जाणार, गाळ भरणार, आणि पहिली वादी आली की पाणी सरळ रस्त्यावर.

मी ड्रॉइंग उलटसुलट बघितलं. उत्तर दिशेचा बाण थोडा तिरका होता, तो दाखवला. एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं. मग म्हणालो, छान झालंय, पाठव. ती इतकी खूश झाली, की तिने डब्यातले खजूर काढून सगळ्यांना वाटले. मीही दोन खाल्ले.

मी स्वतःला काय सांगितलं होतं, तेही लिहितो. मी ठरवलं होतं, की काँक्रीट पडायच्या दिवशी सकाळी साइटवर सहज चक्कर मारायची, खांबाकडे बघून कपाळाला आठ्या घालायच्या आणि काम थांबवायचं. कोणाचंही नुकसान होणार नव्हतं. फक्त साहेबांना दिसणार होतं, की हा माणूस अजून लागतो. काम रविवारी होतं. तोपर्यंत मधे एक शुक्रवार आणि एक शनिवार होता. गार्गीचं पूर्ण एक वर्ष आणि बिचाऱ्या मरियमची एक सकाळ, असा हा सौदा मला तेव्हा बरा वाटत होता.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे रेमनसोबत खाली होतो. एव्हाना तो भिंतीऐवजी मला चेंडू टाकायला लावायचा. मी सरपटी टाकायचे, त्याने उचलायचे. गुडघा दुखायचा त्याचा, पण हात तसेच होते. चेंडू खडीवर वेडावाकडा उडायचा आणि त्याचा पंजा तिथे आधीच असायचा. आणि दर थोड्या वेळाने तो खडा. मी त्याला चिडवलं, की अशाने ओमान सपाट व्हायला बराच काळ लागेल. तो हसला. मग पंजा काढून काखेत धरला, कठड्यावर बसला, आणि मी न विचारता सांगायला लागला. त्याने ते त्या दिवशीच का सांगितलं, मला माहीत नाही. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल असं मला वाटत नाही, मी चेहऱ्याचा पक्का आहे.

तो एकतीस वर्षांचा असताना त्याच्या संघात त्याच्याच बेटावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. तोही शॉर्टस्टॉप. कोचने रेमनला सांगितलं, की ह्याला तयार कर. बेसबॉलमध्ये ही रीतच आहे. जो आपली जागा घेणार, त्याला आपणच हाताला धरून ती जागा दाखवायची. म्हाताऱ्या होणाऱ्या शॉर्टस्टॉपला काढून टाकत नाहीत. आधी त्याला दोन पावलं उजवीकडे सरकवतात, तिसऱ्या मुक्कामावर. तिथे कमी धावावं लागतं. मग बाकावर. मग घरी. रेमनने त्या मुलाला पाय कसे ठेवायचे ते शिकवलं, चेंडू हातातून पंजात आणि पंजातून हातात कसा फिरवायचा ते शिकवलं, स्वतःचा जुना पंजा दिला. एक गोष्ट नाही सांगितली. त्यांच्या घरच्या मैदानात, डाव्या बाजूला, मातीखाली जुन्या पाण्याच्या पाइपाचा चर होता. माती तिथे बसायची. पाणी मारलेल्या दिवशी तिथे टप्पा पडला की चेंडू छातीऐवजी तोंडाकडे उडायचा. रेमन तिथे कायम अर्धं पाऊल मागे उभा राहायचा. कोणाच्या लक्षात यायचं नाही.

"तिसऱ्या आठवड्यात चेंडू त्याच्या गालावर बसला," रेमन म्हणाला. "हाड मोडलं. आणि मला माझी जागा परत मिळाली. ते दोन महिने मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बेसबॉल खेळलो. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आणि प्रत्येक चेंडूला मी तिथे अर्धं पाऊल मागे उभा होतो."

मुलगा पुढच्या वर्षी परत आला. गाल भरून आला होता, पण चेंडू जवळ आला की तो नकळत तोंड फिरवायचा. ज्या शॉर्टस्टॉपने तोंड फिरवलं तो संपला, रेमन म्हणाला, मग हात सोन्याचे असोत. त्या मुलाने त्याला एकदा विचारलं होतं, की तिथे जमीन खराब आहे हे तुला माहीत होतं का. रेमन नाही म्हणाला होता. एवढं सांगून तो उठला, पुन्हा पंजा घातला आणि मला म्हणाला, टाक.

मी पुढचे दहा-बारा चेंडू टाकले असतील. मग वर आलो, अंघोळ केली, नाश्ता केला. शुक्रवारचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी गार्गी डायनिंग टेबलवर फिजिक्सची गणितं सोडवत होती, पेनाचं टोपण चावत. तिच्या मानेवरचा केसांचा बुचडा, बाजूला सोललेल्या संत्र्याची सालं. मी तिच्या समोर बसलो आणि मला कळलं, की मी काय विकायला काढलंय. मरियमचे वडील सलालाकडे शाळेत शिकवायचे. तीही अशीच कुठल्या तरी टेबलावर बसून इंजिनिअर झाली असणार. रविवारी मी येईन आणि काम थांबवीन, सगळं ठीक होईल. फक्त ह्यापुढे आयुष्यभर कुठल्याही ड्रॉइंगवर सही करताना ती तोंड फिरवील. खूप वाईट वाटलं मला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

शनिवारी सकाळी मी मरियमला फोन केला आणि वादी अदाईला यायला सांगितलं. ती स्वतः गाडी चालवत आली, मागच्या सीटवर मशीन आणि तिवई. मी तिला खांबापाशी नेलं, त्याच्या बुडाचं वेगळ्या रंगाचं काँक्रीट दाखवलं, डायरीचं तिसरं पान दाखवलं. आणि मग म्हणालो, "मला हे माहीत होतं. तू ड्रॉइंग दाखवलंस तेव्हाही माहीत होतं."

ती रागावेल, रडेल, निघून जाईल, असं सगळं मी गाडीत बसून ठरवून ठेवलं होतं. तिने त्यातलं काहीच केलं नाही. डायरी बंद करून माझ्या हातात परत दिली. गाडीतून तिवई काढली, उभी केली, मशीन चढवलं, बुडबुडा मधे आणला. मग मापाची उंच पट्टी माझ्याकडे देऊन म्हणाली, "मिस्टर विनायक, प्लीज होल्ड." पट्टी धरणं हे मदतनिसाचं काम. सतरा वर्षांत मी ते केलं नव्हतं. मी खांबावर पट्टी उभी धरली. तिने माप घेतलं, मग जवळच्या मशिदीच्या पायरीवर घेतलं, जिची उंची फाइलमध्ये होती, मग परत खांबावर. तीनदा. माझ्या शब्दावर तिचा आता विश्वास नव्हता आणि ते अगदी बरोबर होतं. तिसऱ्यांदा तेच माप आल्यावर तिने वहीत हिरव्या पेनाने आकडा लिहिला आणि विचारलं, "ह्या डायरीत असे अजून किती आहेत?"

अकरा, मी म्हणालो.

पुढचे दोन महिने, आठवड्यातून एकदा, आम्ही ते अकरा खांब बघत हिंडलो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा होता, हे सांगायला मला थोडं ओशाळं वाटतं. सकाळचं कोवळं ऊन, वादीच्या गोट्यांवर सावल्या, थर्मासमधला आल्याचा चहा. मरियम माझ्याशी पूर्वीसारखं हसून बोलत नव्हती, पण बोलत होती. प्रत्येक खांबाशी ती मशीन लावायची, मी पट्टी धरायचो. पट्टी ठेवण्याआधी मी खांबाच्या डोक्यावरचा खडा काढून टाकायचो. ही सवय मला कुठून लागली ते सांगायला नको. तिने सगळे आकडे फाइलमध्ये घातले, खाली तारीख आणि दोघांची नावं. पहिल्या खांबाबद्दल साहेबांना तिने एवढंच कळवलं होतं, की तो हललेला आढळला, दोघांनी मिळून तपासला, सुधारित ड्रॉइंग सोबत आहे. त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही.

फेब्रुवारीत साहेबांनी मला बोलावलं. फाइल त्यांच्यासमोर होती. चांगलं काम झालंय म्हणाले, आता सगळं कागदावर आलं, मुलगी तयार झाली. पुढचं मला त्यांच्याआधी कळलं. दाऊदभाईंची चावी फाइलमध्ये लावून मी रिकाम्या खिशाने तिथे बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, मुलगी कितवीत आहे. मी सांगितलं. ते थोडा वेळ पेनशी खेळले आणि म्हणाले, की अल मवालेहच्या यार्डात एका वर्षासाठी माणूस हवा आहे, पाइप आले-गेले बघायला. ड्रॉइंगचं काम नाही, हुद्दाही तो नाही. बघा, इन्शाल्ला जमत असेल तर.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मंजिरीने पहिला प्रश्न विचारला, तिथे सावली आहे का. आहे, मी म्हटलं. मग झालं तर, ती म्हणाली. संध्याकाळी खाली रेमन भेटला. त्यालाही सांगितलं. त्याने चेंडू दोनदा हवेत उडवून झेलला आणि म्हणाला, "तिसरा मुक्काम. तिथे चेंडू कमी येतात, पण जोरात येतात." आणि माझ्या पाठीवर त्याचा तो भला मोठा पंजा आपटला.

आता मी यार्डात असतो. शेजारी भाजीचा घाऊक बाजार. सकाळी पोचतो तेव्हा कोथिंबिरीचा आणि पिकून फुटलेल्या केळ्यांचा वास एकत्र येत असतो, ट्रकवाले आपापल्या भाषेत भांडत असतात. माझ्याकडे एक पत्र्याची केबिन, एक रजिस्टर आणि दोन मांजरं आहेत. पहिले काही महिने फार जड गेले, खोटं कशाला बोलू. सतरा वर्षं ज्या कागदांखाली माझी सही होती, त्या कागदांवर लिहिलेले पाइप आता मी मोजून घेतो. माणूस 'माझी जागा' म्हणतो, पण आखातातल्या माणसाला जागा कुठली, व्हिसावर असते तेवढीच. खरं तर शॉर्टस्टॉपलाही नसते. तिथे नुसती जमीन असते, आणि तो तिथे असेपर्यंत ती त्याची. गार्गी बारावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलमध्ये आम्ही निघू.

रेमन जूनमध्ये गेला, प्रोजेक्ट संपलं म्हणून. एअरपोर्टवर मीच सोडलं त्याला. वाटेत त्याने सांगितलं, की त्या मुलाचा नंबर त्याने कोणाकडून तरी मिळवला आणि फोन केला. मुलगा आता पस्तिशीला आलाय, त्यांच्याच बेटावर बेकरी चालवतो. रेमनने त्याला सरळ सांगितलं, मला माहीत होतं. मी विचारलं, काय म्हणाला तो. रेमनने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "तो म्हणाला, इतकी वर्षं मला वाटत होतं, की मीच चेंडूला घाबरलो."

परवा सकाळी यार्डाच्या फाटकापाशी एक गाडी थांबली. मरियम. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, पायात तेच पांढरे शूज, आता चांगलेच मळलेले. दर नोव्हेंबरात सगळे खांब परत तपासायचे असा नियम तिने फाइलमध्ये घालून ठेवलाय. त्यातला एक खांब आमच्या यार्डाच्या कुंपणाजवळ आहे, डायरीतला नववा. तिच्या मदतनिसाला त्या दिवशी ताप होता. तिने गार्गीची चौकशी केली, खजुराचा डबा पुढे केला. मी दोन उचलले. मग तिने तिवई उभी केली आणि कुठला खांब, किती उंची, हे मला काहीही न विचारता पट्टी माझ्या हातात दिली.

मी खांबावरचा खडा काढून टाकला आणि पट्टी उभी धरली. तिथलं माप झालं. मग तिला कुंपणाजवळच्या जमिनीचं माप हवं होतं. मी जाऊन उभा राहिलो. मरियमने मशीनमधून बघितलं, चष्मा कपाळावर सारला, परत बघितलं. मधे काहीतरी येत असावं. तिने हात वर करून मला दाखवलं, दोन पावलं उजवीकडे.

मी सरकलो. खाली वाकून पायाखालचा खडा बाजूला केला, पट्टी सरळ धरली आणि तिचं माप होईपर्यंत हललो नाही.